ढिगातले टन, जहाजातले टन: खाणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय खाणमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी.

सप्रेम नमस्कार.

डिचोलीत लोहखनिजाच्या खाणीचे काम २०२४ साली पुन्हा सुरू झाले आणि ट्रक परत रस्त्यावर आले. गावात आमच्यापर्यंत पोचणारा आकडा मात्र अजून नुसता ‘टन’ असतो. तो ओला की सुका, ढिगावर मोजलेला की जहाजावर, हे कोणी सांगत नाही. प्रत्येक ढिगाचा आणि त्यातून गेलेल्या प्रत्येक जहाजाचा हिशेब सुक्या टनांत, म्हणजे पाणी वगळून, जुळवून लोकांसमोर ठेवावा, ही विनंती करण्यासाठी हे पत्र.

मांडवीकाठच्या जेटीवर मी अनेक वर्षे मालाचा हिशेब ठेवला आहे. धुण्याच्या प्लांटमधून निघालेला कॉन्सन्ट्रेट, म्हणजे माती-गाळ काढलेले खनिज, ओलाच ढिगात पडतो. समजा, १,००० टनांच्या ढिगात १० टक्के पाणी आहे. म्हणजे सुका माल ९०० टन. पावसात ओल १२ टक्क्यांवर गेली की तोच ढीग १,०२३ टन भरतो. एप्रिलच्या उन्हात ती ७ टक्क्यांवर उतरली की ९६८. खनिजाचा कणही हललेला नसताना ५५ टनांचा फरक! चोरट्याला हा आडोसा आयता मिळतो, आणि प्रामाणिक माणसावर संशय आला तर तो दूर करायला त्याच्या हातात कागद नसतो.

त्यात माल जिथे थांबतो तिथे मोजण्याची रीत बदलते. ढिगाचे आकारमान मोजून घनतेने गुणतात, ट्रक काट्यावर चढतो, तर बार्ज (नदीतून माल नेणारी सपाट तळाची बोट) आणि जहाज पाण्यात किती बसले यावरून वजन काढतात. जहाजाच्या दोन्ही बाजूंच्या मिळून पाण्याच्या पातळीच्या सहा खुणा वाचायच्या, पाण्याची घनता घ्यायची, बॅलास्ट (जहाज स्थिर ठेवायला भरलेले पाणी) आणि इंधन वजा करायचे. काम नीट झाले तरी अर्ध्या टक्क्याचा फरक धरतातच. ५०,००० टनांच्या जहाजात तो २५० टन होतो, म्हणजे दहा टनी टिप्परच्या २५ खेपा. नदीचे गोडे पाणी आणि मुरगावचे खारे पाणी यांच्या घनतेत अडीच टक्क्यांपर्यंत अंतर असते. ते न धरता २,००० टनांच्या बार्जचे वजन काढले, तर एका फेरीत ५० टनांच्या आसपास चूक होऊ शकते.

जुन्या ढिगांचे तर विचारूच नका. २०१२ च्या खाणबंदीनंतर कितीतरी माल वर्षानुवर्षे पावसात पडून राहिला. बारीक माल वाहून गेला, तळाचा थर मातीत मिसळला. अशा ढिगाचा लिलाव वहीतल्या जुन्या आकड्यावर झाला, तर उचल संपल्यावर तूट निघणार किंवा जास्तीचा माल निघणार, आणि जास्तीचा निघाला तर तो कुठून आला हे विचारावेच लागेल.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने गोव्यातल्या ३४,९३५ कोटी रुपयांच्या नुकसानीचा अंदाज मांडला, त्यावर किती वाद झाला आपण जाणता. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने विक्रीच्या रकमेतला १० टक्के हिस्सा कायमस्वरूपी निधीसाठी ठेवला. तो पैसा आमच्या नातवंडांचा आहे. ज्या टनांवरून तो निघतो, ते टन कोणालाही तपासता आले पाहिजेत.

म्हणून उचल सुरू होण्याआधी ढिगाची मोजणी आणि ओलाव्याचा नमुना एकाच दिवशी, पंचायतीच्या प्रतिनिधीसमोर घ्यावा. ट्रक, बार्ज आणि जहाज, तिन्हींची वजने त्या त्या वेळच्या ओलाव्यासह एकाच तक्त्यात यावीत. किती टक्के फरक चालेल हे आधीच जाहीर करावे. त्यापुढे गेल्यास चौकशी आपोआप सुरू व्हावी, कोणाच्या तक्रारीची वाट पाहू नये. ढीग संपला की रिकाम्या जागेचीही मोजणी व्हावी. ती राहून गेली तर बाकीचा सगळा ताळमेळ अर्धाच राहतो.

हे तक्ते खात्याच्या संकेतस्थळावर आणि पंचायतीच्या फलकावर, मराठीत आणि कोकणीत लागावेत. येत्या हंगामात डिचोली तालुक्यातल्या जेटींपासून सुरुवात करावी.

आपला,
डिचोली तालुक्यातील एक नागरिक