ड्यूटीला निघण्याआधी

वसई, फेब्रुवारी

प्रिय जेनी,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री जेवताना रॉनीच्या तोंडून निसटलं. तू त्याला बजावलं होतंस म्हणे, पप्पांना सांगू नकोस. त्याच्यावर रागावू नकोस, मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलला. वॉर्डात औषधांच्या ट्रॉलीला धरून उभी राहिलीस, मग डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खालीच बसलीस. सोबतच्या मुलीने संत्र्याचा ज्यूस पाजला. थोड्या वेळाने पुन्हा कामाला लागलीस आणि ड्यूटी पुरी करून स्वतः गाडी चालवत घरी गेलीस, तीही बर्फातून. मला लगेच फोन करावासा वाटला, पण तू ड्यूटीवर असशील म्हणून थांबलो. शिवाय फोनवर तू ‘हो पप्पा, हो पप्पा’ करतेस आणि विषय संपवतेस. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

रॉनी म्हणाला, सकाळपासून नुसत्या कॉफीवर होतीस. बारा तासांची ड्यूटी, सातला हजर व्हायचं, म्हणजे उठायचं पाचला. तुमच्या अमेरिकेतल्या उणे वीसमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा. त्या घाईत नाश्ता करायचं कुणाला सुचणार? टेरेसामावशी सांगून गेली, पोरीला लिही, पोहे करून खा म्हणावं. तिला काय जातंय सांगायला. पहाटे पाचला कांदा चिरत बसणं तुला जमणार नाही आणि मी ते सांगणारही नाही. पण उपाशी निघू नकोस.

मी उभा जन्म हॉटेलच्या बेकरीत काढला. शहर झोपलेलं असताना आम्ही नाश्ता तयार करायचो, त्यामुळे पहाटेची घाई म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पहाटेचं खाणं पहाटे होत नाही, ते आधीच करून ठेवावं लागतं. तुझ्या नाताळच्या फोटोत सॉसेज घालून केलेले क्रेसेंट रोल होते ना, मैत्रिणीच्या घरी सकाळी प्रेझेंट उघडताना खाल्लेले? ते तुझ्यासाठी उत्तम आहेत. सुट्टीच्या दिवशी सोळा होतात, फ्रीजरमध्ये राहतात आणि सकाळी एका हाताने खाता येतात. नीट सांगतो, तसेच कर.

डब्यातलं तयार पीठ घे. बेकरीवाल्याने असं सांगावं याचं रॉनीला नवल वाटलं. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. आम्ही क्रॉसाँचं पीठ लोणी घालून तीनदा तिहेरी घडी घालायचो, म्हणजे लोण्याचे सत्तावीस थर. दर घडीनंतर पीठ थंडीत विसावायला ठेवायचं. मे महिन्यात एसी बंद पडला की लोणी वितळून कडेने बाहेर यायचं आणि सगळा घाणा वाया जायचा. ते काम करायला माणसं होती, पीठ लाटायचं शीटर होतं, फुगवायचा प्रूफर होता. तू एकटी आहेस. तुझ्याच गावच्या पिल्सबरीने १९६५ साली हे क्रेसेंटचं पीठ डब्यात भरून बाजारात आणलं ते तुझ्यासारख्यांच्या सोयीसाठीच. ती कंपनी १८६९ सालची, मिनिॲपोलिसची. तुझी नोकरी तिथे लागली तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की माझी पोर मैद्याच्या राजधानीत चालली आहे. १८८० पासून पन्नास वर्षं जगात सर्वांत जास्त पीठ त्या एका गावात दळलं जायचं, मिसिसिपीच्या धबधब्याच्या जोरावर.

तू गिरणीच्या म्युझियमचे फोटो पाठवलेस ते मी बेकरीतल्या जुन्या मंडळींना दाखवले. १८७८ च्या मे महिन्यात तिथली सगळ्यांत मोठी गिरणी पिठाच्या धुळीने पेट घेऊन उडाली आणि अठरा माणसं गेली. आमच्या हेडशेफने पहिल्याच दिवशी आम्हाला बजावलं होतं, मैद्याच्या गोण्या झटकायच्या असतील तर शेगडीपासून लांब. तेव्हा कारण कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या फोटोमुळे इतक्या वर्षांनी कळलं.

विषय भरकटला. डबे दोन आण, आठ औंसाचे. एकात आठ त्रिकोण निघतात. उघडेपर्यंत फ्रीजमध्येच ठेव. डब्यात गॅसचा दाब असतो, पीठ गरम झालं तर डबा फुगतो आणि त्रिकोण हाताला चिकटतात, लांबतात, फाटतात. फ्रीजरमध्ये मात्र न उघडलेला डबा ठेवू नकोस. वरचा कागद सोलून काढ आणि सांध्यावर चमच्याची कड दाब. फट्ट आवाज होईल, दचकू नकोस.

सॉसेज ब्रेकफास्टचं, मोकळा खिमा असतो ते, एक पाउंड. कोरड्या तव्यावर टाक आणि लाकडी चमच्याने फोडत राहा. गुलाबी रंग पूर्ण जायला हवा. तरी रंगावर जाऊ नकोस, थर्मामीटर घे. पोर्कचा खिमा १६० फॅरनहाइटपर्यंत जायला हवा, चिकन किंवा टर्की असेल तर १६५. कच्चं सॉसेज पिठात गुंडाळून भाजू, आत शिजेल, असं करू नकोस. पीठ बारा-पंधरा मिनिटांत तांबूस होतं, तेवढ्यात आतलं मांस शिजत नाही. पीठ भाजलं म्हणून बाहेर काढलंस तर आत कच्चं राहील. शिजल्यावर चरबी गाळून टाक, सिंकमध्ये नको, जुन्या डब्यात. मग गरम खिम्यात आठ औंस क्रीम चीज घालून ढवळ. वरून मीठ नको, सॉसेजमध्येच भरपूर असतं. मिरपूड घाल, हवी तर हिरवी मिरची.

आता हे मिश्रण पूर्ण थंड होऊ दे. इथेच सगळे घाई करतात. गरम सारण घातलं की पिठातली चरबी वितळते, तळ ओला होतो आणि पापुद्रे सुटत नाहीत. फ्रीजमध्ये ठेव आणि तोवर कपडे धू, नाहीतर झोप काढ. झोप काढलीस तर बरं.

मग त्रिकोणाच्या रुंद बाजूला मोठा चमचाभर सारण ठेव, कडेपासून बोटभर आत. रुंद बाजूकडून टोकाकडे गुंडाळ, आवळून नाही. टोक खाली दाबून ठेव, वर राहिलं तर भाजताना उलगडतं. तुला आठवतं का, सुट्टीत तुम्ही दोघं मला टेबलावर चपातीचे त्रिकोण करून दाखवायचात? रॉनीचे सगळे वेडेवाकडे. तुझी टोकं बरोबर खाली. मी शिकवलं नव्हतं, रात्रपाळीहून आणलेले क्रॉसाँ उलटे करून करून तू बघितलं होतंस. डब्यात तुटक्या कडा असायच्या, हॉटेलात त्या मांडत नसत. मम्मी म्हणायची, मुलांना चांगले आणता येत नाहीत का. तुला त्या कडाच आवडायच्या, जळक्या लोण्याच्या.

ओव्हन ३७५ फॅरनहाइटवर, आधी तापवून. रोलच्या मध्ये दोन बोटं जागा सोड. बारा मिनिटांनी बघायला लाग. वरून रंग आला तरी एक उचलून तळ बघ, तोही तांबूस हवा.

भाजून झाल्यावर दोन तासांच्या आत आवर, ओट्यावर पडू देऊ नकोस. तीन-चार दिवसांचे फ्रीजमध्ये, बाकीचे गार करून, सुटे सुटे, पिशवीतली हवा काढून फ्रीजरमध्ये. रात्री झोपताना दोन काढून खालच्या कप्प्यात ठेव. सकाळी तू युनिफॉर्म चढवशील तोवर टोस्टर ओव्हनमध्ये दहा मिनिटं, आतून वाफ आली पाहिजे. मायक्रोवेव्ह चालेल, पण पीठ चामट होतं. दोन पुरेत. रोज तेच नको, प्रोसेस केलेलं मांस रोज खाऊ नये हे तूच मला सुनावलं होतंस. अधूनमधून नुसतं अंडं, केळं, दूध घे. पण घे काहीतरी. उंबरा ओलांडायच्या आधी. गाडीत खाईन म्हणशील, तर गाडीत तू खाणार नाहीस, मला माहीत आहे.

सुकेळी, आपली वाळवलेली केळी, संपली का? खिशात दोन ठेवत जा. वॉर्डात कुणी काही म्हणत असेल तर लॉकरमध्ये ठेव.

बघ, पुन्हा सुरू झालो. तू अठ्ठावीस वर्षांची नर्स, रात्री-अपरात्री लोकांचे जीव सांभाळणारी. मी तुला खायला शिकवतोय. माफ कर. परीक्षा पास होऊन तू लायसन्स काढलंस तेव्हा फादरांनी मिस्सा संपल्यावर तुझं नाव घेतलं होतं. मी तिसऱ्या बाकावर होतो, मान वर करता येईना. मला तू काय करतेस ते कळतं. तू खाली बसलीस तेव्हाही ट्रॉली सोडली नव्हतीस, औषधं सांडली नाहीत, असं रॉनीने सांगितलं. त्याला वाटलं, मला बरं वाटेल.

तुझी मम्मीसुद्धा उपाशी निघायची. सकाळी सहाला रिक्षा, मग चर्चगेट फास्ट. डबा करायची तुमचा, माझा, स्वतःचासुद्धा, आणि तोंडात काही न टाकता जायची. गाडीत मळमळतं म्हणायची. अंधेरीला तिला पहिल्यांदा चक्कर आली, लेडीज डब्यातल्या बायकांनी खाली बसवलं, कुणीतरी ग्लुकोजची बिस्किटं दिली. घरी येऊन हसत सांगितलं. मी रागावलो, उपाशी जातेस म्हणून होतं. डॉक्टर म्हणाले, खात जा. तीही मग दोन पाव खाऊन निघायला लागली. सगळ्यांना वाटलं, झालं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आम्ही तेच धरून बसलो, उपाशीपोटीच होतं. रक्त तपासायला कुणीच सांगितलं नाही आणि आपणही गेलो नाही. तेव्हा तू सातवीत होतीस. बाकीचं तुला माहीत आहे.

हे लिहायचं नव्हतं. रोलचं तेवढं लिहून पत्र मिटायचं ठरवलं होतं. पण तू मनात म्हणशील की पप्पांनी एका चक्करवरून एवढं काय लावलं आहे. म्हणून लिहिलं.

तुझी चक्कर उपाशीपोटीच आली असेल. बहुतेक तसंच असेल. तू नीट खाल्लंस आणि पुन्हा आली नाही, तर मी काही बोलणार नाही. पण खाऊन निघालीस आणि तरी आली, तर ज्यूसवर भागवू नकोस. खरं तर तोवर थांबूसुद्धा नकोस. तू दिवसभर लोकांचं रक्त काढतेस, एक बाटली स्वतःचीही भरून दे. हिमोग्लोबिन, साखर आणि मम्मीचं जे निघालं होतं तेही. डॉक्टरांना मम्मीचं सांग. तुमच्याकडे फॉर्मवर घरातल्या आजारांचं विचारतात ना, तिथे ‘काही नाही’ लिहून पुढे जाऊ नकोस. इन्शुरन्समध्ये बसत नसेल तर सांग, मी पाठवतो. माझ्याकडे आहेत. रॉनीला विचारू नकोस, तो नाही म्हणेल.

तुला सुट्टी कधी आहे ते कळव. ती तारीख ठरली की त्याच दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त दे, ती एकच सकाळ उपाशी चालेल. मग घरी येऊन रोल कर. पहिला ट्रे बिघडला तरी चालेल, दुसरा डबा आहे. फोटो पाठव, उलटा करून, तळ दिसेल असा.

इथे सगळं ठीक. गुडघा बरा आहे. रॉनीचं लग्नाचं अजून काही ठरत नाही. टेरेसामावशीच्या वाडीत यंदा फुलं चांगली आली.

तुझे,
पप्पा

ता. क. राखेचा बुधवार जवळ आला आहे, तिथून उपासकाळ सुरू. त्या दिवशी आणि शुक्रवारी सॉसेज नको, त्याऐवजी अंडं आणि चीज भर. अंडं तव्यावर फोडून हलवताना थोडं ओलसर असतानाच उतरव, ओव्हनमध्ये ते आणखी शिजतं. आधीच कोरडं केलंस तर रबरासारखं लागेल. तू नर्स आहेस, ड्यूटीच्या दिवशी उपासाचं फादरांना विचार, पण मला विचारशील तर ड्यूटीच्या दिवशी पोटभर खा.