सॉल्टर यांच्या नावाच्या विधेयकात गार्डलाही जागा द्या

मा. ग्रेस मेंग,
सदस्य, अमेरिकी प्रतिनिधीगृह (क्वीन्स, न्यूयॉर्क)

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या क्वीन्सचाच रहिवासी. या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाकडे पाठवतोच आहे; मराठीत लिहितोय ते इथल्या आपल्या मंडळींसाठी. टॅक्सी चालवणारे, दुकानात रात्रपाळी करणारे आपल्यातही आहेत, आणि ‘बुलेटप्रूफ जाकिटावर बंदी’ एवढंच कानावर आलं की नेमकी कशावर, हे कुणी धड सांगत नाही.

सामान्य नागरिकांना रायफलची गोळी अडवणारं चिलखत विकत घ्यायला आणि बाळगायला बंदी घालणारं, ॲरन सॉल्टर यांच्या नावाचं विधेयक तुम्ही मांडलं. त्याला माझा विरोध नाही. 14 मे 2022 रोजी बफेलोच्या टॉप्स सुपरमार्केटमध्ये 10 कृष्णवर्णीय माणसं मारली गेली. तिथले गार्ड ॲरन सॉल्टर, बफेलो पोलिसांतून निवृत्त झालेले, हल्लेखोरासमोर उभे राहिले. त्यांची गोळी त्याला लागलीही, पण अंगावरच्या चिलखतानं अडवली. सॉल्टर गेले. हिंसक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना 2002 पासून असं चिलखत बाळगता येत नाही, पण या पोराला आधी तशी शिक्षाच झालेली नव्हती. त्यामुळे जुना कायदा त्याच्या वाटेत कुठे आलाच नाही.

मग आपल्या न्यूयॉर्क राज्यानं अशा चिलखताच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालायची घाई केली. 6 जून 2022 ला सही झालेल्या कायद्याच्या व्याख्येत फक्त मऊ जाकिटं आली आणि हल्लेखोरानं घातल्या होत्या तसल्या पोलादी प्लेटा बाहेर राहिल्या! महिन्याभरात दुरुस्ती झाली खरी, पण ती करताना दोन्ही वस्तू एकाच दावणीला बांधल्या.

या दोन वस्तू मुळातच वेगळ्या आहेत. केव्हलारसारख्या धाग्याचं मऊ जाकीट शर्टाच्या आत बसतं. गल्ल्यावरचा माणूस ते घालून रात्रभर बसू शकतो. उन्हाळ्यात पाठ घामानं भिजते, वाकून खोकं उचलताना कड पोटात रुतते, पण निभतं. पिस्तुलाची गोळी ते अडवतं, रायफलपुढे टिकत नाही. रायफलची गोळी अडवायला छातीवर आणि पाठीवर प्लेटा लागतात, आणि पोलादी असतील तर एकेक तीन-चार किलोची. अशा प्लेटा चढवून दूध-पाव विकायला कुणी बसत नाही.

तुमच्या विधेयकाची रेघ इथेच आहे: टाइप 3, म्हणजे रायफलची गोळी अडवणारी पातळी, आणि त्यावरचं. राज्यापेक्षा तुमची रेघ शहाणी. फक्त ती चिलखतांचे दर्जे ठरवणाऱ्या एनआयजे या अमेरिकी सरकारी संस्थेच्या 0101.06 या मानकावर ओढली आहे आणि नोव्हेंबर 2023 मध्ये 0101.07 आलं. त्यात टाइप 3 हे नावच उरलं नाही. पिस्तुलासाठी एचजी आणि रायफलसाठी आरएफ अशा नव्या पातळ्या आहेत. व्याख्या जुनीच ठेवलीत तर वकिलांना चराऊ कुरण मिळेल. मुंबईकराला हा कागदी किस काढणं वाटणार नाही. 26/11 ला हेमंत करकरे यांच्या अंगावर असलेल्या जाकिटाच्या दर्जावरून किती वाद झाला, आणि त्या जाकिटाचं पुढे काय झालं हे विचारायला त्यांच्या पत्नी कविता करकरे यांना माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागला, हे आम्ही पाहिलं आहे.

माझी खरी तक्रार बंदीतून कुणाला सवलत, हे ठरवणाऱ्या कलमाबद्दल आहे. ती मुख्यतः सरकारी नोकरीवर बेतलेली आहे. सॉल्टर त्या दिवशी सरकारी नोकर नव्हते. त्यांच्या जागी आज उभा असलेला गार्ड तर बहुधा आयुष्यात कधी पोलिसात नसेल, आणि समोर रायफल आली तर मऊ जाकीट त्याच्या कामाचं नाही. विधेयकाला नाव एका गार्डचं आणि सवलतीत गार्ड नाही, हे कसं काय? युद्धभूमीवर जाणाऱ्या पत्रकारांचाही विचार व्हावा, पण आधी गार्डचं बघा.

पळवाट होईल ही भीती असेल, तर न्यूयॉर्कमध्ये गार्डला राज्याकडे नोंदणी करावी लागते, बोटांचे ठसे द्यावे लागतात. प्लेटा त्याच्या नव्हे, कंपनीच्या नावावर घ्यायला लावा. नोकरी सुटली की परत जमा. एवढं कलम पुढच्या मसुद्यात घाला.

आपला,
क्वीन्समधला एक मराठी रहिवासी