पंच की नेक्सॉन

ती. बाबा आणि आई, सा. न.

बाबा, "पंच घेऊ की नेक्सॉन, एवढंच सांग" म्हणालात. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहितेय.

टाटाच्या या दोन्ही इलेक्ट्रिक गाड्यांना भारत एनकॅपचे, म्हणजे गाडी आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या चाचणीचे, पाच तारे आहेत, जून २०२४ चा निकाल. मोठ्यांच्या सुरक्षेत ३२ पैकी पंचला ३१.४६, नेक्सॉनला २९.८६. लगेच "मग पंचच!" म्हणू नका. समोरच्या धडकेच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने एका जागी बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या जाळीदार अडथळ्यावर आदळवतात. म्हणजे आपल्याच वजनाची गाडी समोरून आल्यासारखं. कुंभार्ली घाटात समोरून येतो तो ट्रक. तेव्हा वजनात फरक असलेल्या गाड्यांमध्ये दीड गुणावरून निवड करण्यात अर्थ नाही.

आता तुमची खरी भीती, पाणी. दोन्हींच्या बॅटऱ्या आयपी ६७ आहेत. म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिल्या तरी आत पाणी जात नाही. पण २२ जुलै २०२१ ला आपल्या अंगणात पाणी अर्धा तास नव्हतं. ती जुनी गाडी टपापर्यंत बुडाली होती, आणि गाळ उपसताना तुम्हाला डॅशबोर्डवरचा गणपती तेवढा धड सापडला होता. म्हणून वाशिष्ठी नदीच्या पुराचा इशारा आला की गाडी आधी वरच्या आळीत न्यायची. चुकून बुडालीच, तर चार्जिंगला लावायची नाही, सुरूही करून बघायची नाही. थेट टोइंग. आगीचं म्हणाल, तर दोन्हींत लोह-फॉस्फेटवाली बॅटरी आहे, निकेलवालीपेक्षा जास्त सोशिक.

आई, आता तुझ्याकडे येते. पुढे बसलं की घाट दिसतो म्हणून तू मागे बसतेस आणि पट्टा लावत नाहीस. उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले तेव्हा मागेच बसले होते, पट्ट्याशिवाय. जुन्या गाडीत तर मागच्या पट्ट्यांची बकलं सीट कव्हरखाली गडप झाली होती. गणपतीच्या सणाला आले तेव्हा मी कव्हरखाली हात घालून काढलं, तर एक बकल, दोन शेंगदाणे आणि तुझी हरवलेली केसांची पिन निघाली!

नव्या गाडीत कव्हरं नकोत, बाबा. बाजूच्या एअरबॅगा पुढच्या सीटच्या कडेतून फुगतात. वरून जाड रेक्झिन ताणून बसवलं तर त्या अडू शकतात.

माझा कल नेक्सॉनकडे आहे, मागे पाय जरा मोकळे राहतात म्हणून. पण आईचा गुडघा काय म्हणतो ते आधी बघू. शनिवारी येतेय, तिघं मिळून शोरूममध्ये जाऊ आणि दोन्ही गाड्यांत आईला मागे दोन-तीनदा चढ-उतर करायला लावू. तोवर पैसे भरू नका. आणि विक्रेत्याने कव्हरं फुकट देऊ केली, तरी नको म्हणा.

तुमची,
मनू