आबा, पहिली लिंबं तुमची

अमळनेर

आदरणीय आबा,
सा. न.

घरी येऊन आभार मानले असते, तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही चहा पुढे केला असता आणि माझं बोलणं राहूनच गेलं असतं. म्हणून चारचौघांसमोर लिहिते आहे.

मागच्या अंगणातलं कागदी लिंबू सासूबाईंनी बी टाकून लावलेलं. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. बियाच्या लिंबाला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात, हे ठाऊक होतं. पण सातवं सरलं तरी नुसता हिरवागार पाला आणि काटे. गल्लीतल्या एकीने त्याला "वांझ" म्हटलं. तो शब्द मला फार लागला. मी आणखी पाणी घालत गेले, आणखी युरिया टाकत गेले.

गेल्या कार्तिकात तुम्ही आलात. बुंध्याशी उकिडवे बसून मूठभर काळी माती दाबलीत, तिचा लाडू वळला. तो माझ्या हातावर ठेवून म्हणालात, "माय, याले आते पानी नको दिऊ."

पाणी आणि युरिया मिळत राहिला की झाड पालवीच काढत बसतं. पाणी तुटलं की वाढ थांबते, फांदीत अन्न साठतं आणि त्यातून फूल निघतं, हे तुम्ही समजावलंत. आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, बागवाले पाण्याचा हाच ताण देतात म्हणे. हलक्या रानात तो लवकर बसतो, आपली काळी जमीन ओल सोडत नाही, तिला जास्त दिवस लागतात. बुंध्यातून सरळ वर गेलेले जाडजूड पानसोटही तुम्हीच छाटलेत.

पण आबा, ते दिवस! दुपारी पानं द्रोणासारखी वळायची, पिवळी होऊन गळायची. सासूबाईंना काय तोंड दाखवू, असं वाटून दोनदा बादली भरली मी. तुम्ही रोज संध्याकाळी चक्कर मारत होतात म्हणूनच ती रिकामी केली. चौथा हिस्सा पानं गळाली तेव्हा कुठे तुम्ही "आता पुरे" म्हणालात.

जानेवारीत मुळं न दुखावता माती वरवर चाळून भुसभुशीत केली, दोन घमेली शेणखत, आंबवणीचं पहिलं हलकं पाणी, चार-पाच दिवसांनी चिंबवणीचं दुसरं. बुंध्यातून डिंक गळणारा डिंक्या रोग लागू नये म्हणून दुहेरी आळं केलंत, आतलं कोरडं, पाणी बाहेरच्यात. बुंध्याला पाणी शिवायचं नाही ही तुमची सक्त ताकीद.

आणि एका सकाळी पानांच्या बगलेत ज्वारीच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या कळ्या दिसल्या. मी तिथेच रडले. आठवड्याभरात वास स्वयंपाकघरापर्यंत आला.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, उन्हात बोराएवढी फळं गळू लागली, तेव्हा केळीची वाळलेली पानं डोक्यावर घेऊन तुम्ही आलात आणि आळ्यात अंथरलीत. या वयात, त्या उन्हात! हे मी विसरणार नाही.

श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी पहिली तोडणी केली. एकेचाळीस लिंबं, कागदासारख्या पातळ सालीची. पाच सासूबाईंच्या फोटोपुढे ठेवली, अकरा धाकट्याबरोबर तुमच्याकडे धाडली आहेत. काकूंना सांगा, लोणच्याला आणखी पाठवते.

यंदा पाणी तोडायच्या दिवशी मात्र या. माझा हात अजून थरथरतो.

तुमची,
गल्लीतली सूनबाई