इव्हानची स्वप्ने फालतू नाहीत

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला, दिग्दर्शक तार्कोव्स्कीच्या 'इव्हान्स चाइल्डहूड' या सोव्हिएत युद्धपटावरचा लेख वाचला. परवाच लिहिणार होतो, पण रागाच्या भरात नको म्हणून थांबलो. शत्रूच्या हद्दीत हेरगिरी करणाऱ्या पोरक्या इव्हानला पडणाऱ्या स्वप्नांमुळे युद्धाची गोष्ट रेंगाळते, ती कमी असती तर बरे, असे आपल्या लेखकाचे मत. मला ते अजिबात पटलेले नाही.

१९८६ साली आमच्या फिल्म सोसायटीत हा चित्रपट आला होता. सतरंज्यांवर बसून पाहत होतो. बर्लिनमधल्या जर्मन कागदपत्रांत सोव्हिएत लेफ्टनंट गाल्त्सेव्हला इव्हानचा फोटो सापडतो, पोराला मारल्याचे कळते, आणि तेवढ्यात कुणीतरी दिवे लावले. संपला, असे समजून! लोक उठून चपला शोधू लागले. पडद्यावर अजून शेवटचे स्वप्न चालू होते: आई बादलीतून त्याला पाणी पाजत होती, तो बहिणीमागे वाळूतून धावत होता. उजेडात सगळे फिकट, पुसट. मी ओरडलो, पण दिवे तसेच राहिले. तो शेवट धड पाहायला मला डीव्हीडी येईपर्यंत थांबावे लागले. म्हणून स्वप्ने कमी करा म्हटले की माझ्या जिवाला लागते.

चित्रपट ज्यावर बेतला आहे त्या लेखक बोगोमोलोव्हच्या मूळ कथेत ही स्वप्ने नाहीत, ती तार्कोव्स्कीने मुद्दाम घातली. जागेपणी हा बारा वर्षांचा मुलगा बिया मांडून शत्रूच्या सैन्याचा हिशेब देतो. मोठी माणसे त्याला शाळेत पाठवू म्हणतात आणि शेवटी नदीपलीकडे सोडूनही येतात. त्याचे काय हिरावले गेले, हे स्वप्नांखेरीज कुठे दिसणार? झोपलेल्या इव्हानच्या हातावरून पाणी ठिबकते आणि कॅमेरा वर जातो तो थेट विहिरीच्या तोंडाशी. यातून स्वप्न वेगळे काढायचे तर कात्री कुठे लावणार?

१९६२ साली व्हेनिस चित्रपट महोत्सवात सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाल्यावर इटलीतल्या डाव्या समीक्षकांनीही या चित्रपटावर टीका केली होती. तेव्हा फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने 'लुनिता' या इटालियन कम्युनिस्ट दैनिकाच्या संपादकांना पत्र लिहून सांगितले, की या मुलाला दिवसाची आणि रात्रीची दुःस्वप्ने वेगळी उरलेलीच नाहीत. साठ वर्षांनी तोच आक्षेप पुन्हा छापताना निदान हे उत्तर तरी शेजारी द्यायचे.

आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्राखाली 'इव्हान आणि त्याची आई' असे छापले आहे. खंदकावर पाय फाकून उभा आहे तो कॅप्टन खोलिन, आणि त्याच्या हातांवर अधांतरी आहे ती वैद्यकीय पथकातली माशा. इव्हान त्यात नाहीच. कृपया दुरुस्ती छापावी, आणि आईचेच छायाचित्र हवे असेल तर विहिरीत वाकून पाहणारी आई छापावी.

— एक वाचक, पुणे