आई-बाबा, आधी जेवणाचं बघूया

प्रिय आई-बाबा,

फोनवर तुमच्या येता-जाता खाण्याचा विषय काढला की बाबा "बरं बरं" म्हणून हवामानावर येतात आणि आई म्हणते आम्ही काय लहान आहोत का, म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय, निवांत वाचा, चष्मा लावून वाचा, आणि वाचताना शेजारी बिस्किटांचा डबा नको प्लीज.

पहिल्यांदा हे सांगते की खाणं बंद करा म्हणायला मी हे पत्र लिहीत नाहीये. दादाचं म्हणणं असं की या वयात त्यांना कशाला अडवायचं, खाऊ दे ना जे खातात ते. मला ते पटत नाही, कारण मजा घेऊन खाल्लं असतं तर मी एक शब्द बोलले नसते. पण बाबा, तुम्ही शब्दकोडं सोडवायला बसता तेव्हा डब्याचं झाकण लावतच नाही, "परत उघडायचाच आहे" म्हणून, आणि पेन उजव्या हातात नि बिस्किट डाव्या, आणि तासाभराने विचारलं की किती खाल्ली तर "दोन असतील". त्यात चव कुठे आली? तुम्हाला तर कुठलं बिस्किट होतं तेही आठवत नाही.

आणि आई, तुझं उलटं आहे. तू दिवसभर चमचाभर हे, तुकडाभर ते, चहाबरोबर टोस्ट, आणि जेवायची वेळ झाली की "मला फारशी भूक नाही", मग ताटात दोन घास, आणि चार वाजता गळून गेल्यासारखं होतं की पुन्हा चहा आणि टोस्ट. बाबांचं वजन वाढतंय, तुझं कमी होतंय, आणि डबा दोघांचा एकच. म्हणून मला वाटतं डब्यावर राग काढण्यात अर्थ नाही. दोघांचीही मुख्य जेवणं पोकळ झालीयेत आणि ती पोकळी डबा भरून काढतोय. आम्ही घरात होतो तेव्हा सगळ्यांसाठी साग्रसंगीत व्हायचं, आता दोघांसाठी कशाला एवढा घाट घालायचा असं झालंय, ते मी समजू शकते. पण सकाळी चहा-बिस्किट, दुपारी उरलंसुरलं, आणि मग रात्री एकदम भरपेट, आणि त्यावर टीव्हीसमोर वेफर्स, असा दिवस असेल तर चारची भूक लागणारच, त्यात तुमचा लोभीपणा वगैरे काही नाहीये.

आता थोडं शास्त्र, बाबांना लागतं म्हणून. २०१९ मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल नावाच्या संशोधकाने २० जणांना दवाखान्यातच ठेवून २ आठवडे पॅकबंद, कारखान्यात तयार झालेलं खाणं दिलं आणि २ आठवडे साधं घरच्यासारखं. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या अन्नात कॅलरी, साखर, फॅट, फायबर जवळपास सारखंच ठेवलं होतं आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं होतं. पॅकबंद खाण्याच्या दिवसांत लोकांनी रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि वजनही वाढलं, आणि त्यांचं खाणं भरभर संपत होतं. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायला साधारण २० मिनिटं लागतात, आणि बिस्किट तर चावायलाच लागत नाही, तोंडात विरघळतं, मग निरोप पोचेपर्यंत अर्धा पुडा गेलेला असतो. पॅकच्या मागे १०० ग्रॅमचा आकडा छापलेला असतो तो एकदा बघाच, बहुतेक बिस्किटांचा ४५० ते ५०० कॅलरीच्या आसपास असतो. ५ बिस्किटं साधारण ४० ग्रॅम धरली तर १८० ते २०० कॅलरी झाल्या, आणि त्यात प्रोटीन जेमतेम अडीच-तीन ग्रॅम.

आणि ते "थोडं थोडं खात राहिलं की मेटाबॉलिझम जोरात चालतो" हे तुम्हाला कुणी ग्रुपवर पाठवलंय ना, ते डिलीट करा. अन्न पचवायला शरीर जी ऊर्जा खर्च करतं ती दिवसभरात एकूण काय आणि किती खाल्लं यावर ठरते, ते किती वेळा विभागून खाल्लं यावर नाही. त्यातही प्रोटीन पचवायला सगळ्यात जास्त खर्च होतो, त्यातल्या २० ते ३० टक्के कॅलरी पचनातच जातात, फॅटमधल्या ३ टक्क्यांपर्यंतच. म्हणजे बघा, डब्यातलं खाणं नेमकं उलट्या बाजूला बसतंय.

पण मला खरी काळजी वजनकाट्याची नाहीये, स्नायूंची आहे. तिशी-चाळिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू थोडे थोडे कमी होत जातात आणि साठीनंतर वेग वाढतो. गेल्या वेळी आले तेव्हा बघितलं, आई खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेबलावर दाबून उठते, आणि मी बघतेय कळल्यावर टेबल पुसायला लागली. बाबा, तुमचं पोट मोठं झालंय पण मांड्या बारीक झाल्यात, पँट कमरेला घट्ट आणि खाली ढगळ. म्हणून उपाशी राहून पटापट वजन उतरवायचं असलं काही करायचं नाही, कारण तसं उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात आणि या वयात गेलेले स्नायू परत मिळवणं फार जड जातं.

प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे साधारण ०.८ ग्रॅम प्रोटीन सांगतात, पण वय ६५च्या पुढे असेल तर तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम म्हणतात. म्हणजे ७० किलोच्या माणसाला ७० ते ८४ ग्रॅम, ५० किलोच्या बाईला ५० ते ६०. आणि ते सगळं रात्री एकदम खाऊन उपयोग नाही, वय झालं की स्नायूंना जागं करायला प्रत्येक जेवणात २५ ग्रॅमच्या आसपास लागतं. आता तुमच्या सकाळच्या चहा-बिस्किटाचा हिशोब करा म्हणजे मी का ओरडते ते कळेल. एका अंड्यात ६ ग्रॅम, मोठ्या ग्लासभर दुधात ८, शिजवलेल्या घट्ट डाळ-कडधान्याच्या १०० ग्रॅममध्ये ८-९, मासे किंवा चिकन १०० ग्रॅम घेतलं तर २०च्या वर. म्हणजे २ अंडी आणि एक ग्लास दूध घेतलं तर सकाळीच २० झाले, आणि मी पैज लावते, बाबा, ११ वाजता तुमचा हात आपोआप डब्याकडे जायचा कमी होईल. सुरुवात फक्त नाश्त्यापासून करा, बाकीचं तसंच चालू दे हवं तर.

दुपारचं ताट कसं असावं यासाठी हार्वर्डवाल्यांनी २०११ मध्ये एक साधं चित्र काढलं होतं, मला ते आवडतं कारण काही मोजावं लागत नाही. अर्धं ताट भाज्या आणि फळं, पाव ताट धान्य, शक्यतो कोंड्यासकट, आणि पाव ताट प्रोटीन. तुमच्याकडे हे बरोब्बर उलटं असतं, अर्धं ताट भात किंवा ब्रेड आणि भाजी तोंडी लावण्यापुरती. भात सोडा असं मी म्हणत नाहीये, जागा बदला एवढंच. आधी भाजी आणि प्रोटीन खाऊन मग भाताकडे आलात तर जेवणानंतर शुगर कमी चढते हेही दिसून आलंय, करून बघायला काही पैसे पडत नाहीत.

आई, आता तुझ्याशी जरा वेगळं. तू भाजी टाळतेस, सॅलड टाळतेस, टोस्ट चहात बुडवून खातेस, आणि मी इतके दिवस समजत होते तुला भूक नाही. तुझी कवळी सैल झालीये ना? परवा फोनवर बोलताना मधेच कट्ट असा आवाज आला तेव्हा माझ्या लक्षात आलं. हिरड्या आणि हाड आकसत जातं त्यामुळे जुनी कवळी सैल होतेच, ती नीट बसवून मिळते. तोवर भाजी मऊ शिजव, डाळीत घालून घोटून घे, दही, अंडं, मासे, हे सगळं चावायला सोपं आहे. आणि वयाने वास-चव कमी कळते म्हणून तुझा हात मीठ-साखरेकडे जास्त जातोय, दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमीच, तर लिंबू, आलं, मिरी यांनी चव वाढव. आणि एक अजून, तू जेवायला सगळ्यात शेवटी आणि उभ्याने बसतेस (हो, मला माहितीये मी काय लिहिलंय). बाबांबरोबर बसून जेव. चमचे धुवायला बाबा आहेत.

मधल्या वेळेचं खाणं एकदा असू द्या, दोनदाही चालेल आईला, कारण तिला एका वेळी जास्त जात नाही आणि तिने वजन कमी करायचंच नाहीये. पण ते डब्यातून नको, ताटलीत काढून, टेबलावर बसून. फळ आणि दही घ्या, किंवा मूठभर बदाम-अक्रोड, तेही मूठभरच, कारण ३० ग्रॅममध्ये १७० ते २०० कॅलरी असतात आणि बाबांची मूठ म्हणजे दोन मुठी. आणि डबा टेबलावरून उचलून कपाटात वरच्या खणात टाका, बघा, स्टूल आणून चढण्याएवढी भूक आहे का ते आपोआप कळतं. (बाबा, स्टूलवर चढू मात्र नका, खरंच सांगते.) गोड खायचं तर जेवणाबरोबरच खा, दिवसभर थोडं थोडं गोड-पिठूळ चघळत राहिलं की तोंडात आम्ल बनतच राहतं आणि लाळेला ते धुवून काढायला उसंतच मिळत नाही, आणि उरलेसुरले खरे दात तरी वाचवूया.

टीव्हीच्या वेळचं सगळ्यात अवघड आहे, तिथे भूक नसतेच, हाताला काम हवं असतं. जेवण झालं की १५ मिनिटं चाला, घरातल्या घरात का होईना. २०१३ मध्ये साठीच्या पुढच्या, शुगरचा धोका असलेल्या लोकांवर एक छोटा अभ्यास झाला होता, त्यात प्रत्येक जेवणानंतरच्या १५ मिनिटांच्या चालण्याने रात्रीच्या जेवणानंतरची शुगर सकाळच्या सलग ४५ मिनिटांच्या चालण्यापेक्षा चांगली आटोक्यात राहिली. तुमचा मॉर्निंग वॉक मोडू नका, पण रात्रीचा धरा.

काटा रोज बघू नका. बाबा, तुमच्यासाठी टेप पुरे, कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी, तुमची उंची १७० आहे तर ८५च्या आत, आज किती आहे ते मी विचारत नाही. आईचा काटा मात्र महिन्यातून एकदा मला कळवा, कारण न ठरवता ६ ते १२ महिन्यांत वजन ५ टक्क्यांनी उतरलं, म्हणजे ५० किलोतले अडीच किलो, तर ते डॉक्टरांना दाखवायचं असतं, "वयामुळे होतं" म्हणून सोडायचं नाही.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा, लिहून न्या, नाहीतर तिथे जाऊन बाबा गप्पा मारत बसतात. एक म्हणजे बाबांची शुगरची गोळी कुठली आहे, कारण काही गोळ्या आणि इन्सुलिन असे असतात की मधलं खाणं एकदम काढलं तर शुगर खाली जाऊन चक्कर येऊ शकते, त्यामुळे डोस किंवा वेळ आधी बदलून घ्यावी लागते. दोन, दोघांच्या किडनीचे रिपोर्ट ठीक आहेत ना, कारण किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन मी लिहिलंय तेवढं चालत नाही. ही दोन उत्तरं मिळेपर्यंत बाबांचं मधलं खाणं एकदम बंद करू नका, ताटलीत काढून बसून खा एवढंच करा, आणि अंडी-दुधाचा नाश्ताही उत्तर आल्यावरच.

आई, कवळीची अपॉइंटमेंट सोमवारी फोन करून घे. तारीख ठरली की कळव, त्या दिवशी मी सुट्टी टाकून येते, आणि दुपारचं जेवण मी करेन.

तुमची,
छोटी