आकडा बदलला, पण चमकलाच नाही

महोदय,

गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत चढले की कमरेपर्यंत, यावरून नाशिककर आजही अंदाज बांधतात. गेल्या पावसाळ्यात सराफ बाजारातील माझे एक परिचित मात्र दुकानात बसून गंगापूर धरणाच्या विसर्गाचा आकडा मोबाइलवर पाहत होते. पहिल्यांदा आकडा बदलला तेव्हा त्याची चौकट क्षणभर पिवळी झाली. पुढे तो आणखी दोनदा वाढला, तरी चौकट पुन्हा पिवळी झाली नाही, आणि विसर्ग स्थिर आहे असे समजून ते निवांत बसले. मी वेबपाने बनवण्याच्याच व्यवसायात असल्याने कारण शोधले आणि थोडा ओशाळलो, कारण हीच चूक मीही केलेली आहे.

हल्ली संपूर्ण पान पुन्हा न आणता त्यातील तेवढाच भाग बदलला जातो. चौकट पिवळी होते ती सीएसएस या पानाचे रंगरूप ठरवणाऱ्या भाषेतील अ‍ॅनिमेशनमुळे, आणि हे अ‍ॅनिमेशन घटकाला, म्हणजे इथे चौकटीला, नव्याने लागू होते तेव्हाच सुरू होते. त्यासाठीचा क्लास (घटकाला लावायचे खुणेचे नाव) आधीपासून लावलेला असेल, तर आतला मजकूर कितीही वेळा बदलला तरी ते पुन्हा चालत नाही. क्लास काढून लगेच परत लावल्यानेही काम होत नाही. ब्राउझर असे बदल साठवून एकदमच हिशेबात घेतो आणि शेवटी क्लास होता तिथेच दिसल्यामुळे काहीच घडले नाही असे धरतो. मधल्या टप्प्यावर त्या घटकाची रुंदी विचारली, की त्याला तिथेच हिशेब करावा लागतो आणि मग चौकट पुन्हा उजळते. उपाय कोडच्या एका ओळीचा आहे. फक्त कांद्याच्या बाजारभावांसारख्या लांबलचक तक्त्यात प्रत्येक ओळीसाठी तो वेगळा केला तर पान रखडते, म्हणून सगळे क्लास आधी काढून, रुंदी एकदाच विचारून, मग ते एकत्र लावावेत. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतील ‘अ‍ॅनिमेट’ ही पद्धत वापरली तर हा खटाटोपच उरत नाही, कारण ती दर वेळी नवे अ‍ॅनिमेशन सुरू करते.

याच्या उलट चूकही सर्रास आढळते. सर्व्हरकडून आलेला अख्खा तक्ता जुन्याच्या जागी बसवला, की प्रत्येक ओळ ब्राउझरच्या दृष्टीने नवी ठरते आणि एकच भाव बदललेला असताना सगळ्या ओळी चमकतात. सगळेच चमकले तर माणसाने पाहावे तरी कशाकडे? तेव्हा जुना आणि नवा आकडा ताडून पाहूनच खूण करायला हवी. शिवाय ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी ठेवण्याची सोय निवडली आहे त्यांच्यासाठी साधा रंगबदल, आणि अंध वाचकांसाठी बदल वाचून दाखवला जाईल अशी ‘एरिया-लाइव्ह’ (aria-live) ही खूण असावी.

2027 च्या सिंहस्थात गर्दीची, वाहनतळांची आणि पाणीपातळीची माहिती लोक अशाच पानांवर पाहतील. ही पाने तयार करणाऱ्यांना विनंती आहे की, चाचणी घेताना पहिल्या बदलावर समाधान न मानता त्याच चौकटीत लागोपाठ तीन वेगळे आकडे पाठवून पाहावेत आणि चौथ्या वेळी तिसराच आकडा पुन्हा पाठवावा. तेव्हा चौकट न चमकता केवळ ‘शेवटची नोंद’ या शब्दांपुढील वेळ बदलली पाहिजे.

आपला विश्वासू,
एक वाचक, पंचवटी, नाशिक